बेळगावात जन्मलेला साहेब भारतीय कापडासाठी इंग्रजांशी भांडला, पण पुडिंगच्या एका उपमेनं नाव घालवून बसला

छत्रपती संभाजीनगरातून वेरूळला निघालं की छावणीनंतर पडेगाव लागतं, मग मिटमिटा आणि पुढं दौलताबादचा किल्ला. पर्यटकांच्या गाड्या या रस्त्यानं दिवसभर धावत असतात. परतताना कुणाच्या पिशवीत हिमरूची शाल असते, कुणाच्या पैठणी. आणि खरेदी करताना जाणकार गिऱ्हाईक दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतं. हातमागाची आहे की मशीनची?

प्रश्न आजचा वाटतो, पण आहे जुना. साधारण दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून लंडनमधला एक सरकारी अधिकारी आपल्याच लोकांशी वाद घालत होता. भारतीय हातमागाचं कापड जगात भारी आहे आणि आपण इंग्रज ते बिघडवतोय, असं तो जाहीरपणे लिहीत होता.

त्याचं नाव सर जॉर्ज बर्डवूड. मुंबईच्या राणीच्या बागेतलं म्युझियम उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण आज कलेच्या इतिहासात त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा एका पुडिंगमुळे. कापडावर इतका जीव असलेला माणूस पुडिंगपर्यंत कसा पोहोचला, त्याचीच ही गोष्ट.

जन्म बेळगावचा, नोकरी मुंबईची

जॉर्ज बर्डवूड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ चा, बेळगावचा. वडील ख्रिस्तोफर बर्डवूड कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते, पुढं ते जनरल झाले. बेळगावला लागूनच शहापूर. शहापूरच्या साड्या आणि तिथले माग त्या भागात प्रसिद्ध. पण साहेबांच्या पोरांना तेव्हा शिकायला विलायतेला पाठवायची पद्धत होती. जॉर्जही गेले. प्लिमथला शाळा, एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरकी. १८५४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन पुन्हा इकडं आले.

इराणच्या मोहिमेवर जाऊन आल्यानंतर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, औषधी द्रव्यं असे त्यांचे विषय. मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार झाले, शहराचे शेरीफही झाले. १८६२ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयोगी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. ऊद कोणत्या झाडापासून मिळतो, यावरचं त्यांचं संशोधन वनस्पतिशास्त्रात आजही मोलाचं मानतात.

थोडक्यात, माणूस डॉक्टर, पण लक्ष बाजारात, बागेत आणि कारागिरांच्या हातात.

खिडकीतून फेकलेलं म्युझियम

१८५१ मध्ये लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसचं मोठं प्रदर्शन भरलं. जगभरची यंत्रं आणि माल तिथं मांडला होता. त्यात भारताच्या दालनानं भल्याभल्यांना थक्क केलं. ज्या देशात कारखाने नाहीत, त्या देशाचं कापड रंगात आणि नक्षीत इंग्लंडच्या गिरण्यांना मागं टाकतंय, हे तिथल्या डिझायनर मंडळींनी कबूल केलं. १८५५ ला पॅरिसला तसंच प्रदर्शन झालं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करताना प्रत्येकीची एक जोड मुंबईतच ठेवण्यात आली. त्यातून मुंबईचं पहिलं सरकारी म्युझियम तयार झालं. जागा होती फोर्टमधली टाउन बरॅक्स.

आणि १८५७ उजाडलं. उठावाच्या बातम्या येऊ लागल्या, फौजेला जागा हवी होती. किल्ल्याच्या कमांडरनं बरॅक्स रिकामी करायला सांगितली आणि म्युझियमचा संग्रह चक्क खिडक्यांतून बाहेर फेकला गेला. बऱ्याच वस्तूंचा चुराडा झाला.

जे उरलं ते गोळा करून संग्रह पुन्हा उभा करायचं काम १८५८ मध्ये बर्डवूड यांच्याकडं आलं. वय होतं २६ च्या आत. म्युझियमला स्वतःची इमारत पाहिजे म्हणून त्यांनी शहरातल्या बड्या मंडळींना गाठलं. यात पुढं होते जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, त्यामुळं दोघांचं चांगलं जमायचं. लोकवर्गणी जमली. १८६२ मध्ये भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

तो काळ मुंबईत पैशाचा पाऊस पडण्याचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताच्या कापसाकडं वळल्या. भाव गगनाला भिडले. पण १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्या तडाख्यात म्युझियमचं बांधकामही अडकलं. शेवटी सरकारनं पैसा घातला आणि २ मे १८७२ ला म्युझियम लोकांसाठी उघडलं.

उद्घाटनाला बर्डवूड मुंबईत नव्हते. तब्येत साथ देईना म्हणून १८६८ मध्येच ते इंग्लंडला परतले होते.

जाण्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं होतं. घारापुरी बेटाला एलेफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीमुळं पडलं, तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि फुटला. ते तुकडे बर्डवूड यांनी राणीच्या बागेत आणून ठेवले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज म्युझियमजवळ जो हत्ती दिसतो, तो हाच.

७०० तुकड्यांचं दुकान

इथं आणखी एका डॉक्टरची ओळख करून घ्यावी लागेल, नाहीतर बर्डवूड नेमके कशाविरुद्ध बोलत होते ते कळणार नाही.

जॉन फोर्ब्ज वॉटसन. हेही बर्डवूड यांच्याआधी काही वर्षं मुंबईत डॉक्टर होते, जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढं लंडनच्या इंडिया म्युझियमची जबाबदारी त्यांच्याकडं आली. तिथं भारतातून आलेल्या कापडाचे ढीग होते. लुगडी, धोतरं, पागोटी, मलमल, शाली. वॉटसन यांनी काय करावं? त्यांनी ते कापड कापलं. व्यवस्थित तुकडे करून, प्रत्येकाखाली लांबी, रुंदी, वजन, कुठं विणलं आणि काय किंमत, अशी माहिती लिहून १८६६ मध्ये १८ खंड तयार केले. एकूण ७०० नमुने. असे २० संच काढले. १३ इंग्लंड आणि आसपासच्या व्यापारी शहरांसाठी, ७ भारतासाठी. भारतासाठी ठरलेल्या जागांमध्ये मुंबईबरोबर कापूस पिकवणारा वऱ्हाडही होता.

वॉटसन यांचा हिशेब सरळ होता. भारतातले कोट्यवधी लोक काय नेसतात, काठ केवढा लागतो, पदर कसा असतो, पागोटं किती हात लांब असतं, हे लँकेशायरच्या गिरणीमालकांना घरबसल्या कळलं पाहिजे. म्हणजे तसंच कापड यंत्रावर काढून भारतात विकता येईल. हे खंड म्हणजे एका अर्थी फिरतं म्युझियमच, फक्त ते बघणाऱ्यांसाठी नव्हतं, नक्कल करणाऱ्यांसाठी होतं.

पण याला दुसरी बाजूही आहे. १८६० च्या दशकातलं सामान्य माणसाच्या अंगावरचं कापड एरवी कुणी जपून ठेवलं असतं? रोजचं लुगडं विरतं, मग त्याची गोधडी होते, गोधडीचं पोतेरं होतं आणि एक दिवस तेही संपतं. वॉटसन यांनी कापलेले तुकडे मात्र टिकले. लँकेशायरमधल्या प्रेस्टन शहरातल्या हॅरिस म्युझियममध्ये त्यातला एक संच आजही आहे आणि अभ्यासकांसाठी ते घबाड आहे.

बर्डवूड यांचं म्हणणं काय होतं?

१८७१ पासून बर्डवूड लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरीला लागले. तिथं त्यांनी ३० वर्षं काढली. कंपनीच्या काळातली जुनी दप्तरं रद्दीसारखी पडून होती, ती त्यांनी लावून घेतली आणि १८७९ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. पण मुख्य काम होतं प्रदर्शनांचं.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी भारतीय दालनाचं माहितीपुस्तक लिहिलं. त्याच सुमारास इंडिया म्युझियम बंद करून त्याचा संग्रह वाटून टाकण्यात आला. कापड, दागिने, भांडी अशा वस्तू साउथ केन्सिंग्टन म्युझियमला गेल्या. त्यालाच आज आपण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतो. त्या संग्रहासाठी १८८० मध्ये बर्डवूड यांनी भारताच्या औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहिला. कीनखाब, मलमल, शाली, गालिचे, भरतकाम, सगळं त्यात आलं.

वॉटसन यांनी कापड गिऱ्हाइकाच्या नजरेनं मोजलं होतं. बर्डवूड यांनी ते कारागिराच्या बाजूनं पाहायचा प्रयत्न केला. त्यांचे मुद्दे साधारण असे होते.

पहिला मुद्दा रंगांचा. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्लिश पोरानं डांबरापासून जांभळा रंग काढला. मग एकामागून एक रासायनिक रंग आले. स्वस्त, भडक आणि वापरायला सोपे. नीळ, मंजिष्ठा, हळद, लाख यांपासून रंग करणारे रंगारी त्यापुढं टिकेनात. कापडाचा तोल या भडक रंगांनी गेला, असं बर्डवूड यांचं मत होतं.

दुसरा मुद्दा तुरुंगांचा. इंग्रज सरकारनं तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घ्यायला सुरुवात केली होती. मजुरी जवळजवळ फुकट, नमुने युरोपच्या गिऱ्हाइकाला आवडतील तसे. पिढ्यान्‌पिढ्या गालिचे विणणाऱ्या घरांनी या भावाशी स्पर्धा करायची कशी? बर्डवूड यांनी यावर कडक टीका केली. म्हणजे सरकारी पगार घेणारा माणूस सरकारी तुरुंगाच्या मालाला नावं ठेवत होता.

तिसरा मुद्दा गिरण्यांचा. ते मुंबईत आले त्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी उभी केली होती. गिरण्यांचा भोंगा गावातल्या मागाचा खडखडाट बंद पाडणार, हे बर्डवूड यांना दिसत होतं.

इंग्लंडमध्ये त्यांना साथही मिळाली. विल्यम मॉरिस हे तिथले नावाजलेले डिझायनर आणि हातकारागिरीचे मोठे समर्थक. भारतीय कला इंग्रज व्यापारामुळं मरतायत, हे बर्डवूड यांचं म्हणणं त्यांनी उचलून धरलं. १८८१ मध्ये बर्डवूड सर झाले.

पण त्या चित्रात काय नव्हतं?

बर्डवूड यांनी रंगवलेलं भारतीय गाव फार देखणं होतं. दारात कुंभाराचं चाक फिरतंय, अंगणात विणकर धोटा फेकतोय, बाप मुलाला शिकवतोय आणि सगळं हजारो वर्षं तसंच चाललंय.

खरं गाव तसं नव्हतं. ज्या १८७८ मध्ये पॅरिसला भारतीय कापडाचं कौतुक चाललं होतं, त्याच्या आधीची दोन वर्षं दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. लाखो लोक मेले. दुष्काळात माणूस आधी धान्य घेतो, कापडाची खरेदी बंद होते. त्यामुळं शेतकऱ्याबरोबर विणकरही उपाशी राहतो. माग सोडून खडी फोडायला जाणाऱ्या विणकराला हजारो वर्षांच्या परंपरेचं कौतुक काय कामाचं?

शिवाय बर्डवूड यांना कारागीर हा जातीनं आणि घराण्यानं बांधलेला, निनावी असा दिसायचा. तो तसाच राहिला तरच कला टिकेल, अशी त्यांची समजूत. त्यानं बदलावं, शिकावं, स्वतःचं नाव करावं, ही शक्यता त्यांच्या मांडणीत फारशी बसत नव्हती.

आणि यातूनच पुढचा घोळ झाला.

पुडिंग

तेव्हाच्या युरोपात कलेची उतरंड ठरलेली होती. वर चित्र आणि शिल्प, म्हणजे ललित कला. खाली कापड, भांडी, दागिने, म्हणजे शोभेच्या किंवा औद्योगिक कला. बर्डवूड यांनी ही उतरंड कधी मोडली नाही. भारत खालच्या पायरीवर जगात पहिला, पण वरच्या पायरीवर भारताचं काहीच नाही, असं ते आयुष्यभर मानत आले.

जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचं व्याख्यान होतं. हॅवेल कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे माजी प्राचार्य आणि भारतीय शिल्पकलेचे कट्टर चाहते. अध्यक्षपदी होते ७७ वर्षांचे बर्डवूड. चर्चेत जावा बेटावरच्या एका बुद्धमूर्तीचा फोटो समोर आला. बर्डवूड यांनी त्या ध्यानस्थ मूर्तीची तुलना पुडिंगशी केली. तेही साधंसुधं नाही, जनावराची चरबी घालून उकडलेलं पुडिंग. निर्विकार शांतताच दाखवायची तर असा गोळाही चालेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

गदारोळ झाला. २८ फेब्रुवारी १९१० च्या टाइम्समध्ये विल्यम रोथेनस्टाइन यांच्यासह १३ कलावंत आणि समीक्षकांचं निषेधाचं पत्र छापून आलं. बुद्धाची मूर्ती ही जगातल्या श्रेष्ठ कलेत मोडते, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. रवींद्रनाथ टागोरांची इंग्रजी गीतांजली १९१२ मध्ये पहिल्यांदा छापली ती याच संस्थेनं. पुढच्या वर्षी टागोरांना नोबेल मिळालं. म्हणजे पुडिंगच्या भांडणाचा धागा फिरत फिरत नोबेलपर्यंत गेला.

हॅवेल यांच्या बाजूनं उभं राहिलेलं आणखी एक मोठं नाव म्हणजे आनंद कुमारस्वामी. गंमत अशी की कुमारस्वामींनी १९०९ मध्ये भारतीय कारागिरांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यात बर्डवूड यांच्याच लिखाणाचा आधार घेतला होता. कारागिरांवरचे बर्डवूड त्यांना हवे होते, मूर्तीवरचे नको होते.

२८ जून १९१७ ला बर्डवूड लंडनजवळच्या ईलिंगमध्ये वारले. त्याच वर्षी कुमारस्वामी अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात रुजू झाले आणि भारतीय कला ललित कला म्हणूनच मांडू लागले. बर्डवूड यांची उतरंड तिथून ढासळायला लागली.

नाव कुणाचं?

मुंबईच्या म्युझियमला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. जुन्या इमारतीची डागडुजी इतकी नेटकी झाली की २००५ मध्ये युनेस्कोनं तिचा गौरव केला. बर्डवूड आजच्या मुंबईकराला फारसे माहीत नाहीत.

मूर्ती आणि चित्रांना आता मान मिळाला. कापडाचं काय?

पैठणीचंच बघा. तिचा पदर टॅपेस्ट्री पद्धतीनं विणतात. प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात, म्हणून नक्षी उलट्या बाजूनंही जवळपास तशीच दिसते. एक मोर विणायला कित्येक तास जातात. हिमरूची रीत वेगळी. सुती ताणा, रेशमी बाणा आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूनं मोकळे सोडलेले. कीनखाबाची जर परवडत नाही, पण तसा थाट पाहिजे, अशा गिऱ्हाइकासाठी दख्खनच्या विणकरांनी हे कापड रुजवलं. दोन्हींत हिशेब आहे, चित्र आहे, निर्णय आहेत. चित्रकाराला कॅनव्हासवर जे करावं लागतं, ते सगळं इथं एकेक धागा मोजून करावं लागतं.

तरी म्युझियममध्ये जुन्या पैठणीखालची पाटी वाचा. ठिकाण असतं, शतक असतं, रेशीम आणि जर असते. चित्राच्या पाटीवर जिथं चित्रकाराचं नाव असतं, ती जागा बहुतेक वेळा कोरी असते. वॉटसन यांनी ७०० नमुन्यांची लांबी, रुंदी, वजन, किंमत सगळं लिहिलं. विणणाऱ्याचं नाव हे त्यांच्या खात्यातच नव्हतं. बर्डवूड यांनी विणकराची बाजू घेतली, पण त्यांच्याही ग्रंथात विणकर ही एक परंपरा आहे, एक माणूस नाही.

बुद्धमूर्तीसाठी १३ जण भांडले. लुगड्यासाठी एकटे बर्डवूड भांडले आणि तेही अर्ध्या वाटेवर थांबले.

उरलेली अर्धी वाट फार लांबची नाही. पैठणला, येवल्याला, संभाजीनगरात हातमाग अजून चालू आहेत. पुढच्या वेळी वेरूळहून परतताना शाल किंवा पैठणी घ्यायचा विचार असेल, तर हातमागाची आहे की मशीनची हे विचाराच. उत्तर हातमागाची असं आलं, तर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही. विणली कुणी?